कोड तोच आहे हो, पण भिंतीवर नकाशा उमटलाय

घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लांबी (म्हणजे भिंतीचे खड्डे बुजवायची पुट्टी) आणि प्रायमरबद्दल लिहिलं होतं, तर त्यावर पत्रं आली ती जवळजवळ सगळी रंग जुळत नाही म्हणून, आणि त्यातही हिरवाच जास्त. मला नवल नाही वाटलं. नवीन वाचकांसाठी सांगते, सांगलीत आमचं कलर-हार्डवेअरचं दुकान होतं, सासऱ्यांच्या नंतर बावीस वर्षं काउंटरवर मी बसले, आणि त्या बावीस वर्षांत सगळ्यात जास्त डबे परत आले असतील तर ते फिकट हिरव्याचे. पत्रांमध्ये कंपन्यांची नावं होती ती मी काढून टाकलीत, कारण यात कुठल्या एका कंपनीची चूक नाहीच मुळी, वाचलंत की कळेल.

ताई, आमच्या हॉलला सहा वर्षांपूर्वी फिकट हिरवा लावलाय, पिस्ता आणि शेवाळी यांच्या मधला म्हणा. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं लीकेज झालं होतं, ते आता बंद झालं, भिंतही वाळली, पण दोन बाय तीन फुटाचा पोपडा निघाला. जुन्या डब्यावरच्या स्टिकरचा फोटो माझ्याकडे होता. इथल्या दुकानात ती कंपनी नाही, दुकानदार म्हणाला टेन्शन नको, कोड टाकतो, आमच्यात तोच शेड बनतो. संध्याकाळी पेंटरने लावला, रात्री बघितलं तर एकदम सेम. सकाळी पडदा सरकवला तर भिंतीवर नकाशा! मिस्टर म्हणतात दुकानदाराने फसवलं, दुकानदार म्हणतो पेंटरने पाणी जास्त घातलं, पेंटर म्हणतो भिंतच खराब आहे. नक्की कोणाचं खरं? – एक वाचक, डोंबिवली

मिस्टरांचं सोडून बाकी दोघांचं थोडं थोडं खरं आहे. दुकानदाराने फसवलेलं नाहीये, त्याला स्वतःलाच वाटतं की कोड म्हणजे रंग, आणि गंमत तिथेच आहे.

तुमच्या स्टिकरवरचा कोड त्या कंपनीच्या रेसिपीचा नंबर आहे. प्रत्येक कंपनीचा बेस वेगळा, म्हणजे डब्यात आधीपासून असलेला पांढरा माल वेगळा, आणि मशीनच्या नळ्यांमध्ये भरलेले दहा-पंधरा घट्ट रंग असतात तेही वेगळे, एकाचा पिवळा जरा मातकट तर दुसऱ्याचा लिंबासारखा. कोल्हापूरच्या कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण धरून कोणी मालवणी मसाला घातला तर काय होईल, तसं. मग दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या कंपनीचा कोड टाकल्यावर रेसिपी येते ती कुठून? तर कोणीतरी कधीतरी त्या कंपनीचं शेड कार्ड मशीनखाली धरून, त्याच्या जवळ जाईल अशी आपल्या मालाची रेसिपी काढून ठेवलेली असते. म्हणजे तुमच्या घरी आलेला रंग हा कार्डावरच्या चौकोनाची नक्कल आहे. तुमच्या भिंतीची नाही. आणि भिंत गेली सहा वर्षं कार्डासारखी पाकिटात बंद नव्हती, ऊन, पंख्याची धूळ, उदबत्ती, फोडणीचा धूर, सगळं खाऊन बसलीय. हिरव्याचं असं की तो बऱ्याचदा एकट्या हिरव्याने बनत नाही, त्यात पिवळा असतो, कधी काळ्याचा किंवा लालसर ऑक्साइडचा थेंब असतो, आणि त्यातला पिवळा जर उन्हात टिकणारा नसेल तर तो आधी उडतो, मग हिरवा निळसर दिसायला लागतो. यलो ऑक्साइड टिकतो, भडक पिवळे तेवढे टिकत नाहीत. उलट देवघराजवळची भिंत धुराने पिवळट होते. म्हणजे एकाच हॉलमध्ये एकाच डब्यातल्या रंगाचे सहा वर्षांनी दोन रंग झालेले असतात, आपल्याला ते शेजारी शेजारी नसल्यामुळे दिसत नाहीत इतकंच.

आता रात्री सेम आणि सकाळी वेगळा का. हे मला स्वतःला मार खाऊन कळलंय. दुकानातली सुरुवातीची वर्षं, एका गिऱ्हाईकाच्या जिन्याचा हिरवा मी ट्यूबलाइटखाली थेंब थेंब घालून असा जुळवला की मी स्वतःवरच खूश, सासऱ्यांना बोलावून दाखवला. ते काही बोलले नाहीत, झाकण उचललं आणि डबा घेऊन सरळ फुटपाथवर गेले. उन्हात दोन रंग चक्क वेगळे! दोन हिरवे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले तर ते एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात जुळत नाहीत, याला मेटामेरिझम म्हणतात. कारण उन्हात सगळे रंग सलग असतात, ट्यूबच्या उजेडात काही रंगांचे उंच सुळके असतात आणि मधे मधे खड्डे, आणि दोन रंगांमधला फरक नेमका त्या खड्ड्यात पडला की ट्यूबखाली डोळ्याला तो दिसतच नाही. त्या दिवसापासून मी आणि माझा डबा, दोघं फुटपाथवर. एकाच कंपनीचा तोच कोड घेतला की निदान रंगद्रव्यं तीच असतात म्हणून हा घोळ कमी होतो, कंपनी बदलली की हा धोका आलाच.

पेंटरचंही ऐका. भिंत खराब म्हणजे काय, तर पोपडा निघालेल्या जागी नवीन लांबी भरली असणार, तिच्यावर प्रायमर मारला होता का? नसेल तर ती जागा रंग पिऊन टाकते आणि निस्तेज दिसते. जुना रंग रोलरने मारलेला असणार, त्याला संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा असतो, आणि पॅच ब्रशने मारला असेल तर उजेड तिथून वेगळा परततो, अगदी जुन्याच डब्यातला रंग असता तरी थोडा दिसला असता. चमक तर मोठंच प्रकरण आहे. जुना रंग हलक्या चमकेचा आणि नवीन मॅट असेल तर कोड, मशीन, कंपनी काहीही जुळवा, खिडकीतून तिरपा उजेड आला की पॅच उठून दिसणारच. पाणी जास्त घातल्याने शेड बदलत नाही, पण रंग पातळ बसतो आणि खालचा पांढरा डोकावतो, तेव्हा दुकानदार म्हणतो ते अगदीच खोटं नाही, पण मुख्य कारण ते नाही.

मग करायचं काय. पहिलं, मूळ कंपनी डोंबिवलीत तुमच्या दुकानात नसेल तर ठाण्या-कल्याणला बघा, हे सगळ्यात सोपं, पण त्यानेही जुन्या भिंतीशी शंभर टक्के जुळेल असं मी म्हणणार नाही. दुसरं, कंपनी बदलायचीच असेल तर कोड विसरा आणि भिंत घेऊन दुकानात जा. म्हणजे पॅचच्या शेजारचाच, उजेडात असलेला, दीड-दोन इंचाचा पोपडा सुरीने अलगद अख्खा काढा. लोक काय करतात, भिंत खराब व्हायला नको म्हणून स्विचबोर्डची प्लेट खोलून तिच्यामागचा तुकडा काढतात, आणि तिथेच फसतात, कारण प्लेटच्या मागे सहा वर्षांपूर्वीचा कोरा रंग असतो, तो अगदी बरोबर जुळून येतो आणि भिंतीवर तरीही वेगळा दिसतो. (पूर्ण खोली परत रंगवणार असाल आणि तोच मूळ रंग हवा असेल तर मात्र प्लेटच्या मागचाच घ्या, तिथे तो जपून ठेवलेला आहे.) तुकड्यावरची धूळ ओल्या कापडाने हलकी पुसा. ज्या दुकानात रंग वाचायचं मशीन आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात त्याला, हातात मावणारं असतं, तिथे जा, प्रत्येक दुकानात नसतं, आधी फोन करून विचारा. ते तुकड्यावरून परतणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे डोळ्याला दिसतो तेवढा सगळा, मोजतं आणि त्याच्या जवळची रेसिपी देतं. स्क्रीनवर डेल्टा ई म्हणून एक आकडा येतो, तुकडा आणि नवा रंग यांत फरक किती ते सांगणारा, तो दुकानदाराला विचारायला लाजू नका. १ च्या खाली असेल तर दोन तुकडे शेजारी ठेवूनही बहुतेकांना फरक कळत नाही, २-३ च्या पुढे गेला की त्याच भिंतीवर पॅच म्हणून दिसायची दाट शक्यता. आणि विचारा की हा आकडा कुठल्या उजेडासाठी आहे, दिवसाच्या उजेडाला डी६५ म्हणतात, ट्यूबचा आणि बल्बचा वेगळा असतो, तिन्हींत कमी आला तर समजा लॉटरी.

मशीननेही भरवसा संपत नाही. बनवलेला रंग बोटभर पुठ्ठ्यावर मारून वाळवा, हेअर ड्रायर चालतो, मग बघा. ओला इमल्शन पांढुरका दिसतो कारण त्यातला चीक दुधासारखा असतो, वाळला की गडद होतो, म्हणून ओल्यावरून भांडायचं नाही. एक वाळला की दुसरा हात मारा. मग पुठ्ठा घरी नेऊन त्याच भिंतीला चिकटवा आणि सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा.

आणि तिसरं, जे मी तुम्हाला खरंच करायला सांगेन. पॅच मारूच नका. तुकडा जुळवून आणा आणि ती पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, वरून खाली, रोलरने मारा. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड मुळातच वेगळा पडतो, त्यामुळे थोडाफार फरक तिथे लपतो, डोळा म्हणतो की सावली असेल. भिंतीच्या मधोमध तोच फरक लपत नाही. दहा बाय नऊची भिंत म्हणजे नव्वद स्क्वेअर फूट, दोन हातांना एक लिटर अगदी काठावर पुरेल, पण मी एक लिटरचा डबा घेऊ नका म्हणेन. फिकट हिरव्याला एका लिटरला घट्ट रंग अगदी थेंबभर लागतो, मशीनच्या नळीच्या तोंडाला जरा वाळलेला रंग अडकला की तो थेंब कमी पडतो आणि शेड सरकतो, मोठ्या डब्यात तीच चूक विरून जाते. फ्थॅलो ग्रीन म्हणून जो हिरवा मशीनमध्ये असतो तो तर असा जहाल की सांगायची सोय नाही, आमच्याकडे नळ्या साफ करताना नखात गेला तर दोन दिवस जेवताना हात लपवावा लागायचा. दोन डबे लागले तर दोन्ही एका बादलीत ओतून एकत्र ढवळा, मग लावा. उरलेला घट्ट झाकून ठेवा आणि झाकणावर कोड नको, छापलेली पूर्ण रेसिपी चिकटवा, बेसचं नाव, चमक आणि तारखेसकट.

दोन कंपन्यांच्या कार्डात "मिंट" नावाचाच हिरवा आहे, एक निळसर, एक पोपटी. खरा मिंट कुठला? – एक वाचक, जळगाव

दोन्ही खरे, दोन्ही खोटे. नावं मार्केटिंगवाले ठेवतात. पिस्ता म्हटलं की माझ्या सासूबाईंना बर्फीचा रंग आठवायचा आणि मुलीला आइस्क्रीमचा, आणि सोललेला पिस्ता बघितला तर तो तिसराच असतो. नावावर जाऊ नका, कार्डावरचा चौकोन उजेडात बघा, आणि हिरवा चार भिंतींना लावणार असाल तर आवडलेल्यापेक्षा एक घर फिका घ्या, कारण हिरव्या भिंती एकमेकींवर हिरवा उजेड फेकतात आणि खोली कार्डापेक्षा गडदच वाटते. समोर आंब्याचं झाड असेल तर दोन घरं.

आमचे पेंटर काका म्हणतात मशीन-बिशीन काही नको, पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर, म्हणजे बाटलीतला घट्ट रंग, घालून हाताने तंतोतंत जुळवून देतो. ठेवू का भरवसा? – एक वाचक, सोलापूर

काकांच्या डोळ्यावर ठेवा, बाटलीवर नको. जुन्या पेंटरांचा डोळा काय असतो ते मी बघितलंय, ओला रंग बघून वाळल्यावर काय होईल ते सांगायचे, आणि हिरवा जास्त भडक झाला तर त्याला मारायला काळा न घालता लालचा एक ठिपका घालायचे, कारण लाल हिरव्याला शांत करतो, काळा त्याला मळवतो. पण स्टेनर किती घालायचा याला मर्यादा असते, बाटलीवर लिहिलेली असते, त्याहून जास्त घातला तर रंग नीट वाळत नाही आणि पुसताना हाताला लागतो. म्हणजे फिकट हिरवा चालेल, बाटली-हिरवा स्टेनरने करायला जाऊ नका, त्याला मशीनचा डीप बेस, म्हणजे गडद रंगांसाठीचा बेसच हवा. दुसरं म्हणजे हा रंग परत कधीही होणार नाही, काकांनाही नाही. म्हणून पूर्ण भिंतीला पुरून लिटरभर उरेल एवढा एकदमच करून घ्या, अर्ध्यात संपला आणि काका दुसरी बादली कालवायला बसले की झालं कल्याण. काकांना चहा द्या आणि जुळवाजुळव सकाळी अकराच्या आत खिडकीजवळ करायला लावा.

मोबाईल ॲपने भिंतीचा फोटो काढला तर तीन वेळा तीन हिरवे आले. – एक वाचक, पुणे

येणारच. फोन आपणहून उजेड "सुधारतो", हिरवी भिंत दिसली की त्याला वाटतं उजेडच हिरवट आहे, मग तो गुलाबीकडे ओढतो. ॲपने सोफ्याच्या मागे हिरवा बरा दिसेल का एवढंच बघा.

आर्किटेक्टने खिडक्यांना राल ६०२१ पावडर कोटिंग केलंय आणि म्हणतात भिंतही त्याच रंगाची करा. राल नावाची कंपनी इथे मिळत नाही. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

राल ही रंग विकणारी कंपनी नाही हो, ती जर्मनीतली रंगांची नंबरवारी आहे, १९२७ साली चाळीस रंगांनी सुरू झालेली, आता त्यांच्या "क्लासिक" यादीत दोनशेच्या वर आहेत आणि ६ ने सुरू होणारे सगळे हिरवे. ६०२१ म्हणजे फिका हिरवा. हा नंबर कुठल्याच रंग-कंपनीचा नसल्यामुळे उलट तुमचं काम सोपं, बऱ्याच मशीनमध्ये राल टाकला की रेसिपी येते. पण खिडकीवाल्याकडून कोटिंग केलेल्या पत्र्याचा एक तुकडा मागून घ्या आणि त्याच्याशीच ताडून बघा. पत्रा चकचकीत, भिंत मॅट, त्यामुळे नंबर एकच असला तरी भिंत जराशी फिकी आणि खडूसारखी वाटेल. मला विचाराल तर भिंत दोन घरं फिकी ठेवा, तंतोतंत सारखा करायला गेलं की थोडासा फरकही चूक वाटतो, मुद्दाम वेगळा ठेवला की डिझाइन.

ताई, राजापूरकडे आमचं आजोळचं चिऱ्याचं घर आहे, स्वयंपाकघराला पूर्वीपासून चुन्यातला हिरवा, दरवर्षी गणपतीआधी मामा स्वतः मारायचा. आता मामा नाही. मी मुंबईहून तोच हिरवा इमल्शनमध्ये मशीनवर करून नेणार आहे म्हणजे दरवर्षीचा त्रास नको. पोपडा घेऊन गेले तर जुळेल ना? – एक वाचक, बोरिवली

आकडा जुळेल, रंग नाही जुळणार. तुमच्या मामाचा हिरवा म्हणजे पांढऱ्या चुन्यात सांडलेली हिरव्याची चिमूट, वर दरवर्षीचे थर, कुठे जाड कुठे पातळ, त्यामुळे ती भिंत ढगासारखी दिसते आणि उजेड आतून आल्यासारखा वाटतो. इमल्शन सगळीकडे एकसारखं बसतं. शिवाय चुन्यावर इमल्शन धरत नाही, चुन्याची भुकटी सुटते आणि रंग सालीसारखा येतो, सगळा चुना खरवडून काढावा लागेल. आणि कोकणातल्या पावसात चिऱ्याच्या भिंतीला ओल असतेच, चुना ती बाहेर सोडतो, इमल्शनचा पडदा ती अडवतो, मग फुगे.

तेव्हा चुनाच मारा, मी सांगते तसं. चुना तीव्र असतो, त्यात प्रत्येक हिरवा टिकतोच असं नाही, काही रंग तर आठवड्यात उडून जातात. सिमेंटमध्ये, फरशीत घालायला जी हिरवी पावडर मिळते ती घ्या, ती चुन्यालाही पुरून उरते, आणि मामानेही बहुतेक तीच वापरली असणार. भिजवून गाळलेला चुना, थोडं डिंकाचं नाहीतर सरसाचं पाणी, आणि पावडर वेगळ्या वाटीत पाण्यात खलून मग चुन्यात, कोरडी टाकली तर रेघा उठतात. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शावर पावडर नेऊ नका, नाहीतर हाताला सुटेल. डोळ्याला चष्मा लावा, चुना उडतो.

आणि एक उलटं लक्षात ठेवा, इमल्शन वाळल्यावर गडद होतं म्हटलं ना वर, चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की एकदम फिका पडतो. म्हणून बादलीत बघून "अय्या, हा तर फारच हिरवा झाला" म्हणत वर चुना ओतू नका. दाराआडच्या कोपऱ्यात हातभर मारा, दुसऱ्या दिवशी दुपारी वाळल्यावर मामाच्या भिंतीशी बघा, कमी-जास्त करा, परत मारा. तीन-चार ठिपके पडतील दाराआड. मामाच्याही वेळचे तिथे असतील, दार लावून बघा.